फ्रेंच कादंबरी विद्यापीठात अभ्यासायची तर: पहिल्या वाक्यापासून प्रबंधापर्यंत

फ्रान्समधल्या विद्यापीठात लिहिलेल्या माझ्या पहिल्या 'कोमाँतेर'ला, म्हणजे एका उताऱ्यावरच्या लेखी विवेचनाला, वीसपैकी सात गुण मिळाले. समासात लाल शाईने एकच शब्द तीनदा लिहिला होता: 'पाराफ्राझ'. म्हणजे पुस्तकात जे आहे तेच मी माझ्या शब्दांत परत सांगितलं आहे. पुण्यात एम. ए.ला मी वर्गात पहिली येत असे, त्यामुळे तो पेपर मी दोन दिवस कुणाला दाखवला नाही.

चूक फ्रेंचची नव्हती, सवयीची होती. आपल्याकडे साहित्याच्या पेपरात आशय लिहायचा, व्यक्तिरेखा लिहायच्या, मग शैलीवर अर्धं पान. अल्बेर काम्यू आला की अस्तित्ववाद, मार्गरीत द्युरास ही कादंबरीकार आली की प्रेम आणि स्मृती, अशी उत्तरं तयार असतात. फ्रान्समध्ये विचारतात ते वेगळंच: हे वाक्य याच काळात का आहे? इथे 'मी' का नाही? हा शब्द आईसाठी असलेल्या दुसऱ्या शब्दाऐवजी का आला? वाक्यावर बोट ठेवून बोलता आलं, की विचार आपोआप मागे येतो. उलट्या दिशेने गेलात तर सात गुण.

पुढच्या पायऱ्या माझ्या ठेचांमधून आलेल्या आहेत. पुण्यात, मुंबईत, गोव्यात किंवा दिल्लीत फ्रेंच घेऊन एम. ए. करणाऱ्यांना आणि तिथून फ्रान्सला जाऊ पाहणाऱ्यांना त्या उपयोगी पडाव्यात.

पायरी १: आधी शब्दांचे सापळे ओळखा

प्रवेशाच्या पानावर 'लेत्र मोदेर्न' दिसलं की अनेकांना वाटतं, इथे आधुनिक साहित्य शिकवतात. तसं नाही. 'लेत्र क्लासिक'मध्ये लॅटिन आणि ग्रीक असतं. ते नसलेला फ्रेंच साहित्याचा अभ्यासक्रम म्हणजे 'लेत्र मोदेर्न'. त्यात तुम्हाला मध्ययुगही वाचावं लागेल. इतिहासवाल्यांकडे तर 'आधुनिक काळ' म्हणजे साधारण 1492 ते 1789. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचं सगळं त्यांच्या लेखी 'समकालीन'. साहित्यात मात्र 'समकालीन' म्हणताना बहुतेक प्राध्यापक 1980 च्या आसपासपासून पुढचं धरतात. म्हणून विषय निवडताना शीर्षकावर जाऊ नका, पुस्तकांची यादी आणि शतक बघा.

वर्गांचे दोन प्रकार लक्षात ठेवा. 'सेएम' म्हणजे मोठ्या सभागृहातलं व्याख्यान: बसा, उतरवून घ्या. 'तेदे' म्हणजे वीस-तीस जणांचा वर्ग, जिथे उताऱ्यावर प्रत्यक्ष काम होतं आणि हजेरी लागते. गुण खरे तेदेमध्ये मिळवायचे असतात.

पायरी २: आपलं फ्रेंच कादंबरीला पुरतं का ते तपासा

बी-2 या भाषापातळीचं प्रमाणपत्र हातात असणं आणि कादंबरी वाचता येणं यांत बरंच अंतर आहे. अकरावी-बारावीत गुण चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेतलेल्यांना हे विशेष जाणवतं. भाषेच्या वर्गात 'पासे सँप्ल' हा भूतकाळ ओझरता दाखवतात, कारण बोलताना तो कुणी वापरत नाही. कादंबरीत मात्र तो ठायी ठायी असतो आणि फसवतो. 'इल व्ही' म्हणजे 'तो जगतो' की 'त्याने पाहिलं'? लिहिताना दोन्ही सारखंच. 'इल प्ल्यु' म्हणजे 'पाऊस पडला' की 'तो आवडला'? संदर्भाशिवाय कळत नाही. नेहमीच्या साठेक क्रियापदांची पासे सँप्लची रूपं दोन आठवड्यांत डोळ्यांना ओळखीची करून घ्या. लिहायला येण्याची गरज नाही, ओळखता यायला हवीत.

शब्दकोश उघडायचाही एक नियम आहे. एक प्रकरण पहिल्यांदा वाचताना कोश बंद. दुसऱ्या वाचनात फक्त तेच शब्द बघायचे, जे तीनदा आले किंवा ज्यांच्यावाचून वाक्य अडतं. तिसऱ्या वाचनात, अभ्यासाच्या उताऱ्यापुरता, प्रत्येक शब्द बघायचा, अगदी माहीत असलेलासुद्धा. त्यासाठी इंग्रजी अर्थ देणारा कोश नको. 'त्रेझोर द ला लाँग फ्राँसेझ' हा मोठा फ्रेंच कोश इंटरनेटवर फुकट आहे. शब्द कुठल्या थरातला आहे, जुना आहे का, बोलीतला आहे का, हे तो सांगतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

पायरी ३: कालक्रमाने वाचू नका

विसाव्या शतकाचा साहित्येतिहास प्रूस्तपासून सुरू होतो म्हणून आपणही प्रूस्तपासून सुरुवात करतो आणि चाळिसाव्या पानावर वाचन सोडून देतो. 'आ ला रशेर्श द्यु ताँ पेर्द्यु'चे सात भाग 1913 ते 1927 या काळात आले. त्याला घाई नको. मी विद्यार्थ्यांना हा क्रम देते.

आधी आनी एर्नो यांची 'ला प्लास' (1983). शंभरेक पानं, छोटी वाक्यं, आणि किराणा-कॅफे चालवणाऱ्या बापाची गोष्ट. मग काम्यूची 'लेत्राँजे' (1942), आणि तिच्या पाठोपाठ लगेच कामेल दाऊद यांची 'मर्सो, काँत्र-आँकेत' (2013). त्यानंतर द्युरासची 'लामाँ' (1984), जॉर्ज पेरेकची 'ले शोझ' (1965), पात्रिक मोदियानो यांची 'दोरा ब्रुडर' (1997). एवढं झालं की मिशेल ब्युतोरची 'ला मोदिफिकास्याँ' आणि आलँ रोब-ग्रियेची 'ला जालूझी'. दोन्ही 1957 च्या. सेलीन (1932) आणि प्रूस्त सर्वांत शेवटी, आणि प्रूस्तचाही फक्त पहिला 'कोंब्रे' हा विभाग.

सेलीनबद्दल एक सोय सांगते. 'व्हॉयाज ओ बू द ला न्वी'ने बोलीभाषा निवेदनात आणली तेव्हा लोक का दचकले, हे 'कोसला' वाचलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांनी मराठी कादंबरीच्या वाक्याचं जे केलं, त्याची आठवण ठेवून सेलीनचं पहिलं पान वाचा.

सगळ्यांनी एकच आवृत्ती घ्यावी, शक्यतो वर्गात सांगितलेली 'फोलिओ' ही स्वस्त खिशातली आवृत्ती. पान क्रमांक जुळले नाहीत तर तेदेमध्ये निम्मा वेळ पानं शोधण्यात जातो. फ्रान्समध्ये जुनी प्रत दोन-तीन युरोत मिळते. आधीच्या मालकाच्या पेन्सिलच्या खुणा मिळाल्या तर नशीब समजा, पण त्यांच्यावर विसंबू नका.

पायरी ४: उतारा मराठीत करून बघा

हे तंत्र मला कुणी शिकवलं नाही. सात गुणांनंतर हताश होऊन एका रात्री मी उतारा मराठीत करायला बसले आणि लक्षात आलं, की जिथे जिथे पेन अडतंय तिथे तिथे कोमाँतेरचा मुद्दा दडलेला आहे. भाषांतर छान व्हायला नको. अडायला हवं. वहीचं पान उभं दुमडा: डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे 'का अडलं' याची नोंद.

'लेत्राँजे'चं पहिलं वाक्य घ्या. आज 'मामाँ' वारली, किंवा कदाचित काल, असं कादंबरीचा नायक-निवेदक मर्सो सांगतो. मराठीत काय लिहाल? 'आई वारली' औपचारिक होतं, 'आई मेली' कठोर होतं, 'आई गेली' म्हटलं की त्यात हळहळ येते. फ्रेंच क्रियापदात यातलं काहीच नाही, ते सपाट आहे. शब्द मात्र 'मेर' नाही, 'मामाँ' आहे, लहान मूल हाक मारतं तो. लगेच पुढे वृद्धाश्रमाची तार येते, तिच्यात 'मेर' हा शब्द आहे आणि क्रियापदही कागदी आहे. तारेचं मराठी केलंत तर 'मातोश्री निवर्तल्या' अशा वळणाचं होईल. म्हणजे दोन ओळींत दोन भाषा समोरासमोर: मुलाची आणि कार्यालयाची. मर्सोला भावना नाहीत असं जे सरसकट लिहिलं जातं, त्याला 'मामाँ' या एका शब्दाने उत्तर देता येतं. हा झाला पहिला मुद्दा, आणि तो कुठल्याही गाइडमधून उचललेला नाही.

दुसरी अडचण काळाची. कादंबरीला शोभणारा पासे सँप्ल सोडून काम्यूने बोलण्यातला 'पासे कोंपोझे' वापरला. मराठीत दोन्हीचं 'गेलो, केलं, बसलो' होतं आणि फरक पुसला जातो. पुसला गेला हीच नोंद उजवीकडे करा. पासे सँप्लमध्ये घटना साखळीसारख्या एकमेकींत अडकतात. पासे कोंपोझेमध्ये प्रत्येक वाक्य सुटं पडतं. सार्त्रने 1943 च्या लेखात याच कादंबरीच्या वाक्याला बेट म्हटलं. रोलाँ बार्थने 1953 मध्ये पासे सँप्लला कादंबरीच्या संस्थेची खूण मानलं आणि काम्यूच्या लिखाणाला कोरं म्हटलं. टीकाकार आता वाचायचे, आपल्याला प्रश्न पडल्यानंतर.

प्रूस्तचं पहिलं वाक्य याहून मजेचं. बरेच दिवस मी लवकर झोपत असे, असं आपला हात आपसूक लिहितो. मराठीचा रीतिभूतकाळ तिथे चपखल बसतो. पण फ्रेंचमध्ये तिथे रीतिभूतकाळाच्या जवळचा 'अँपार्फे' नाहीच, पासे कोंपोझे आहे. अँपार्फे पुढच्या वाक्यापासून सुरू होतो. शिवाय क्रियापद 'अंथरुणावर आडवं होणं' असं आहे, 'झोप लागणं' हे दुसरं क्रियापद थोड्याच ओळींत येतं. मराठीतलं 'झोपणे' दोन्हीला पुरतं आणि नेमका तोच घोळ होतो, कारण पहिली काही पानं उभी आहेत ती आडवं होणं आणि झोप लागणं यांच्या मधल्या फटीत.

पेरेकच्या 'ले शोझ'चं पहिलं प्रकरण संकेतार्थात आहे: नजर आधी गालिच्यावरून सरकेल, मग अमुक दिसेल. 'सरकेल' लिहायचं, 'सरकली असती' की 'सरकावी'? एकाने भविष्य ठरतं, दुसऱ्याने संधी हुकते, तिसऱ्याने इच्छा दिसते. फ्रेंच क्रियापद तिन्ही शक्यता एकत्र धरून ठेवतं. घर अजून नाही, त्याची हाव मात्र तपशीलवार आहे. शेवटच्या भागात हेच लेखन साध्या भविष्यकाळात जातं. या दोन टोकांवर एक पूर्ण दिसेर्तास्याँ, म्हणजे दिलेल्या विधानावरचा वादनिबंध, उभा राहतो.

सर्वनामांत मराठी माणूस श्रीमंत आहे, त्याचा फायदा घ्या. 'ला मोदिफिकास्याँ' अख्खी 'व्हू'ला उद्देशून आहे: पॅरिसहून रोमला निघालेल्या प्रवाशाला कुणीतरी 'तुम्ही' म्हणतंय. ते 'तुम्ही' लिहावं, 'आपण' लिहावं की स्वतःशीच बोलणाऱ्या माणसाचं 'तू'? निवडायला बसलात की कळतं, बोलणारा कोण आहे हाच या कादंबरीचा पेच आहे. एर्नो यांच्या 'लेझाने'त (2008) 'मी' जवळजवळ नाहीच. 'ती' आहे आणि फ्रेंचचं ते चिवट 'ओं' हे कुणालाही लागू पडणारं सर्वनाम आहे. आपलं 'आपण' त्याच्या सगळ्यांत जवळ जातं, पण 'आपण' ऐकणाऱ्याला आत ओढतं. 'ओं' कधी ओढतं, कधी बाहेर ठेवतं. 'लामाँ'मध्ये तीच मुलगी एका परिच्छेदात 'मी' असते आणि दुसऱ्यात 'ती'. असा प्रत्येक सांधा पेन्सिलने खुणा करून मोजा.

एका उताऱ्याला तीन तास लागतात. आठवड्याला एक केलात तरी सत्राअखेर पुष्कळ.

पायरी ५: परिभाषा थोडी, पण कामाची

निवेदनाची परिभाषा घडवणाऱ्या जेरार जेनेतचं 'फिग्युर ३' (1972) हे सगळ्यांना वाचावंच लागतं. त्यातले पाच-सहा शब्द नीट आले तरी पुरे: निवेदक गोष्टीच्या आत आहे की बाहेर, कुणाच्या डोळ्यांनी दिसतं, मागे जाणं, पुढे उडी घेणं, अनेकदा घडलेलं एकदा सांगणं. शब्द लावून झाला की लगेच पुढचं वाक्य 'त्यामुळे' असं सुरू व्हायला हवं. सुरू होत नसेल तर शब्द खोडा. परीक्षकाला नुसती लेबलं चिकटवलेला उतारा लांबून ओळखू येतो.

'ला जालूझी' यासाठी उत्तम मैदान आहे. नवरा बायकोवर संशय घेतोय असं आपल्याला वाटतं, पण नवऱ्याने एकदाही 'मी' म्हटलेलं नाही. दिसतात त्या खुर्च्या, पेले, केळीच्या बागेतल्या ओळी आणि सावलीची हलती रेघ. खुर्च्या किती आणि त्यावर बसलेले किती हे मोजलं की न बोलणारा माणूस खोलीत सापडतो. शीर्षकाच्या शब्दाचे अर्थही दोन, मत्सर आणि पट्ट्यांची खिडकी, आणि मराठीत हे दोन्ही एका शब्दात बसत नाहीत.

पायरी ६: संदर्भ वाचा, चरित्र नको

लेखकाचा जन्म, शिक्षण, लग्नं यांनी कोमाँतेर सुरू करू नका. त्याऐवजी वाक्याला ज्याची गरज आहे तेवढाच इतिहास आणा. 'लेत्राँजे'त मर्सोच्या हातून मारला गेलेला माणूस फक्त 'अरब' आहे, त्याला नाव नाही. अल्जीरिया 1830 पासून 1962 पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता हे माहीत नसेल तर हे नाव नसणं दिसतच नाही. दाऊद यांनी त्याला मूसा असं नाव दिलं, त्याच्या भावाला बोलतं केलं आणि काम्यूचं पहिलं वाक्य उलटवलं: या भावांची आई आजही जिवंत आहे. दोन्ही पहिली पानं शेजारी ठेवून वाचली की 'वसाहतोत्तर' हा जड शब्द न वापरताही पुष्कळ लिहिता येतं.

'दोरा ब्रुडर'साठी तारखाच लागतात. 31 डिसेंबर 1941 च्या 'पारी-स्वार' या वर्तमानपत्रात एका हरवलेल्या मुलीची छोटी जाहिरात आली होती. ती मोदियानो यांच्या नजरेस पडली आणि ते त्या मुलीच्या मागावर निघाले. दोरा आणि तिचे वडील सप्टेंबर 1942 मध्ये ड्राँसीच्या छावणीतून आउशवित्झला पाठवले गेले. जुलै 1942 मध्ये पॅरिसच्या ज्यूंची जी धरपकड झाली त्या वेल दीवच्या धरपकडीबद्दल दोन पानं वाचून मग कादंबरीकडे वळा. लेखकाला किती सापडत नाही, आणि न सापडलेलं तो कल्पनेने भरून का काढत नाही, हे मग टोचायला लागतं. पेरेकच्या 'ला दिस्पारिस्याँ'चंही तसंच. 1969 च्या त्या कादंबरीत 'e' हे फ्रेंचमधलं सर्वांत जास्त लागणारं अक्षर एकदाही नाही. वर्गात ती करामत म्हणून सांगतात. पेरेकची आई आउशवित्झला नेली गेली आणि परतली नाही, आणि त्या अक्षरावाचून फ्रेंचमध्ये 'आई' आणि 'वडील' हे शब्द लिहिताच येत नाहीत, हे कळल्यावर करामत म्हणवत नाही.

प्रकाशकाचं नाव हासुद्धा संदर्भ आहे. रोब-ग्रिये, ब्युतोर, क्लोद सिमाँ हे 'नूव्हो रोमाँ' म्हणजे 'नवी कादंबरी'वाले एका छपराखाली दिसतात, याचं एक कारण 'एदिस्याँ द मिन्वी' ही प्रकाशनसंस्था आणि तिचे तेव्हाचे चालक जेरोम लँदोन. आजच्या कादंबरीचा अभ्यास करताना 'राँत्रे लितेरेर' म्हणजे ऑगस्टअखेरीस शेकडो नव्या कादंबऱ्या एकदम बाजारात येण्याची पद्धत आणि फ्रान्समधलं मानाचं गोंकूर साहित्य पारितोषिक यांची माहिती हवी. गोंकूरचा धनादेश फक्त 10 युरोंचा असतो, खरी कमाई खपाची. भारतातल्या विद्यापीठांतले फ्रेंचचे विद्यार्थीही गोंकूरच्या यादीतून आपली निवड जाहीर करतात. तुमच्या विभागाला त्यात भाग घेता येत असेल तर सोडू नका. समकालीन वाचनाचा एवढा स्वस्त सराव दुसरा नाही.

पायरी ७: पॅरिसबाहेर पडा

फ्रेंच कादंबरी म्हणजे फ्रान्सची कादंबरी हे आता कुणी मानत नाही, निदान वर्गात तरी. मार्च 2007 मध्ये 44 लेखकांनी 'ल मोंद' या दैनिकात 'लितेरात्युर-मोंद'चा (विश्व-साहित्याचा) जाहीरनामा काढून फ्रँकोफोन, म्हणजे फ्रान्सबाहेरचे फ्रेंचमध्ये लिहिणारे, या वेगळ्या कप्प्यालाच हरकत घेतली. मार्टिनिकच्या पात्रिक शामोआझो यांची 'तेक्साको' (1992), अल्जीरियाच्या आसिया जेबार यांची 'लामूर, ला फाँताझिया' (1985), सेनेगलचे मोहामेद म्बुगार सार यांची 2021 मध्ये गोंकूर मिळवणारी कादंबरी, यांतलं एक तरी वाचलेलं असावं.

आणि मॉरिशस. तिथल्या नाताशा आपाना यांची 'ले रोशे द पूद्र दोर' (2003) मळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटियांवर, म्हणजे करारबद्ध मजुरांवर, आहे. मुंबई बंदरातून गेलेल्या त्या लोकांत कोकणी, देशी मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मराठी विद्यार्थ्याने फ्रेंचमध्ये प्रबंध करताना हा धागा अजून फारसा का ओढलेला नाही, याचं मला नवल वाटतं.

पायरी ८: लिहिणं

प्रकार तीन. 'एक्स्प्लिकास्याँ लिनेएर' तोंडी असते आणि उताऱ्याच्या क्रमाने, ओळीमागून ओळ जाते. कोमाँतेर लेखी असतो, एकाच उताऱ्यावर, पण मुद्द्यांच्या क्रमाने. दिसेर्तास्याँमध्ये कुणाचं तरी विधान दिलेलं असतं आणि त्याच्याशी वाद घालायचा असतो.

तिन्हींचा कणा 'प्रोब्लेमातिक'. हा शब्द आपल्या मुलांना सर्वांत जास्त छळतो. तो विषय नव्हे, आणि ज्याचं उत्तर हो-नाही असं येतं तो प्रश्नही नव्हे. उताऱ्यात खरोखर असलेला ताण प्रश्नाच्या रूपात मांडायचा. 'ला प्लास'चं उदाहरण घेऊ. 'बापाचं चित्रण कसं केलं आहे?' हा विषय झाला. प्रोब्लेमातिक असा: शिकून वरच्या वर्गात गेलेली मुलगी बापाबद्दल लिहिताना त्याच्या भाषेचा आधार घेते, मग ही भाषा त्याच्याशी इमान राखते की त्याच्यापासूनचं अंतर दाखवते? एर्नो स्वतः म्हणतात, की हे सपाट लेखन त्यांना सहज येतं, कारण आईवडिलांना खुशालीची पत्रं त्या असंच लिहीत. त्या आईबापांचे शब्द तिरप्या टाइपात घालतात. एवढी सामग्री दोन भागांना पुरते. तिसरा भाग मग वाचकाचा: ती पत्रं आईबापांसाठी होती, हे पुस्तक मात्र ज्या वर्गाच्या हातात जाणार आहे त्याच्याकडे लिहिणारीने आधीच पाठ फिरवलेली आहे का?

दिसेर्तास्याँसाठी घासून गुळगुळीत झालेलं विधान घेऊ: कादंबरी म्हणजे रस्त्याने फिरवलेला आरसा. स्तांदालच्या 'ल रूज ए ल न्वार'मधलं हे वाक्य विसाव्या शतकाला लावायचं आहे. पहिल्या भागात मान्य करा: 'ले शोझ'चं उपशीर्षकच साठच्या दशकाची गोष्ट असं आहे. दुसऱ्यात विचारा, आरसा धरलाय कुणी? 'ला जालूझी'त धरणारा हात दाखवलेलाच नाही. तिसऱ्यात समेट करू नका. आपल्याकडे 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' म्हणत समारोप करायची खोड आहे, ती तिथे चालत नाही. प्रश्नच हलवा: 'दोरा ब्रुडर'मध्ये कादंबरी आरशात जे उमटलंच नाही त्याच्या मागे जाते.

प्रस्तावना चार टप्प्यांची: शिरकाव, पुस्तक आणि उताऱ्याची ओळख, प्रश्न, भागांची घोषणा. 'मानवाला प्राचीन काळापासून' या चालीचा शिरकाव फ्रेंच प्राध्यापकांच्या विनोदाचा जुना विषय आहे. भागांना मथळे किंवा आकडे लिहायचे नाहीत, सलग गद्य. 'मला वाटतं' नको. अवतरण चार-पाच शब्दांचं, ओळ क्रमांकासकट, आणि त्याच्या पुढे किमान दोन वाक्यं त्याच्यावर. निवेदक आणि लेखक एक मानू नका. एर्नोंच्या बाबतीत मात्र हा नियम डळमळतो, तिथे फिलिप लजनचा आत्मचरित्राचा करार (1975) आणि सर्ज दुब्रोव्हस्कीने 1977 मध्ये आणलेला 'ओतोफिक्स्याँ' (स्वतःच्या आयुष्याची कादंबरी) हा शब्द वाचून ठेवा. एर्नोंना ते लेबल स्वतःसाठी मान्य नाही, हेही लिहा.

परीक्षा बहुधा चार तासांची. सव्वा तास कच्च्या कागदावर, त्यातच प्रस्तावना पूर्ण लिहून. समारोपही आधीच लिहून ठेवा, शेवटच्या दहा मिनिटांत लिहिलेला समारोप नेहमी भाबडा होतो. मग दोन-सव्वादोन तास लेखन. उरलेला वेळ फक्त क्रियापदांची आणि विशेषणांची लिंग-वचनं तपासायला.

गुणांकडे आपल्या नजरेने बघू नका. वीसपैकी दहा म्हणजे उत्तीर्ण, बारा बरे, चौदा चांगले, सोळा फारच चांगले. अठरा मी कुणाला मिळालेले पाहिले नाहीत. घरी फोनवर टक्केवारी सांगू नका, विनाकारण रडारड होते.

पायरी ९: वाचनालय आणि पडदा

लेखांसाठी पेर्से आणि ओपनएडिस्याँ ही संकेतस्थळं, बरंच काही फुकट. केर्नवरच्या बऱ्याच लेखांसाठी विद्यापीठाचं खातं लागतं. फाब्युलावर नव्या पुस्तकांची परीक्षणं आणि परिषदांच्या सूचना येतात. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिकावर जुनी वर्तमानपत्रं आणि प्रूस्तच्या वह्यांची छायाचित्रं दिसतात. खाडाखोड आणि चिकटवलेल्या पट्ट्या एकदा तरी बघा. गालिकावर काम्यूची कादंबरी शोधू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं हक्क राहतात आणि काम्यू 1960 मध्ये गेला.

तयार 'फिश' म्हणजे कादंबरीचे सारांश ढिगाने मिळतात. पुस्तक वाचून झाल्यावर घटनाक्रम ताडून बघण्यापुरते ठीक. त्यातली वाक्यं प्राध्यापकांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात.

पायरी १०: प्रबंध

मास्टरची दोन वर्षं म्हणजे मुख्यतः 'मेम्वार', म्हणजे प्रबंध. 'द्युरासमधलं प्रेम' असा विषय घेऊन गेलात तर मार्गदर्शक सभ्यपणे नकार देतील. दोन किंवा तीन पुस्तकं आणि एकच प्रश्न. 'लेझाने'मधलं 'ओं'. 'ल व्हिस-कोंस्युल'मधली (1966) कलकत्ता: द्युरासने बांधलेलं ते शहर नकाशातल्या कलकत्त्याशी कुठे जुळतं आणि कुठे मुद्दाम जुळत नाही. मूळची कोलकात्याची शुमोना सिन्हा आणि तिची 'आसोमों ले पोव्ह्र' (2011): आश्रय मागणाऱ्यांच्या मुलाखतींतली दुभाषी. शेवटच्या दोन विषयांत भारतीय वाचकाला दिसेल ते तिथल्या वाचकाला चटकन दिसणार नाही. मात्र 'मी भारतीय आहे' हा पुरावा होत नाही, पानं दाखवावी लागतात.

द्युरास किंवा रोब-ग्रिये घेतलात तर त्यांची कागदपत्रं नॉर्मंडीतल्या काँजवळच्या आबेई दार्देन या जुन्या मठात, 'इमेक' या अभिलेखागाराच्या संग्रहात आहेत. आधी लिहून वेळ आणि परवानगी घ्यावी लागते.

मार्गदर्शकांना पहिली मेल लिहिताना 'शेर मादाम' नको आणि पहिलं नाव तर मुळीच नको. 'मादाम,' किंवा 'मस्य,' एवढंच. खाली दहा ओळींत प्रश्न, पुस्तकांची नावं, आणि एका उताऱ्याचं अर्ध्या पानाचं वाचन जोडा. मी जोडलं होतं ते 'मामाँ'वालं पान होतं. उत्तर बारा दिवसांनी आलं, तीन ओळींचं, आणि त्यातली दुसरी ओळ होती: तार कोणत्या काळात आहे ते सांगितलं नाहीत.